दहा दिवस हेक्टर जगला पाहिजे

२ जानेवारी १९८४, सोमवार

शेवटी आणलाच. कंपनीच्या टेम्पोतून, संध्याकाळी पाचला, सगळी कॉलनी अंगणात असताना. ह्यांचे मोठे साहेब कायमचे परदेशी चालले. बंगला सोडला, गाडी विकली, कुत्रा ह्यांना. "पगारे, तुमच्याशिवाय कुणाकडे विश्वासाने देणार?" झालं. हे फोरमन, साहेबांना नाही म्हणणं जमत नाही. मला न विचारता हो म्हणून आले.

ग्रेट डेन म्हणे. राखाडी. चार पायांवर उभा राहिला की पाठ माझ्या कमरेला लागते. नाव हेक्टर. सुजाने विचारलं, "आई, ते जमिनीचं माप ना?" चौथीत आहे, नुकतंच शिकवलंय. हे खो खो हसले. मी नाही.

कुत्र्यांची भीती वाटते हे लग्नाआधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी गोष्टच वाटली नव्हती.

५ जाने., गुरुवार

साहेबांनी खाण्याचा इंग्रजी टाइप केलेला कागद दिलाय. रोज दोन पौंड मांस, तीन अंडी, दूध, भात, माशाचं तेल. हे म्हणाले, एवढं आपण तिघं मिळून खात नाही. मग आमचं ठरलं : सकाळी बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, संध्याकाळी भात आणि म्हशीचं मांस. मांस हे कंपनीतून येताना आणणार.

कागदावर आणखी : भांडं जमिनीवर नको, स्टुलावर. खाल्ल्यावर तासभर पळू द्यायचं नाही, एवढ्या मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो, तासाभरात मरतात. पळू कसं द्यायचं नाही ते लिहिलेलं नाही.

स्वभावाबद्दल एकच ओळ. 'अत्यंत प्रेमळ.'

हे पहिल्या पाळीला सकाळी सहाला जातात. मी शिकवते ती शाळा दुपारची. म्हणजे सकाळचं खाणं माझ्याकडे. मागच्या दारी पेरूला बांधलाय. स्टूल काठीने पुढे सरकवते आणि दारात येऊन उभी राहते. दार अर्धं लावून.

८ जाने., रविवार

सुजा त्याला टेकून पाढे म्हणते. तो ऐकतो. कान ओढले तरी काही नाही. माझ्याजवळ आला की अंग टाकतो, सगळा भार पायावर. पहिल्यांदा मी किंचाळलेच. हे म्हणाले, "अगं, लाडात आलाय." असेल. लाडात आलेला आणि चिडलेला मला सारखाच दिसतो.

मांसाबरोबर खाटकाने हाडं दिली. कच्ची हातात धरवेनात, शिवाय जंत होतील. कुकरला तीन शिट्ट्या काढल्या. कडाकडा फोडून खाल्ली. आज पहिल्यांदा शेपूट माझ्याकडे बघून हलवली. थोडं बरं वाटलं, उगाच का लिहू नये.

१० जाने., मंगळवार

चावला.

डाव्या हाताने लिहितेय. सकाळी भाकरी घातली, एक तुकडा स्टुलाखाली पडला. उचलायला हात घातला तोच गुरगुर, आणि हात त्याच्या तोंडात. अंगठ्याच्या मुळाशी, दोन्ही बाजूंनी. किती वेळ धरला होता आठवत नाही. सोडलं आणि स्वतःच मागे सरकला, भिंतीला लागला.

साबणाने धुतला. नळाखाली धरला. रक्त थांबेना. शाळेत चिठ्ठी पाठवली, ताप म्हणून.

हे आल्यावर हात बघून म्हणाले, "त्याला सुई टोचलीय, साहेब म्हणाले होते." कागद? कागद नाही. साहेब विमानात.

११ जाने., बुधवार

सरकारी दवाखाना. रांग. डॉक्टर तरुण आहेत. हात बघितला, टाके नको म्हणाले, उघडी राहू दे.

"कुत्रा कुठाय?"
"घरी. बांधलेला."
"मारू नका. कुणाला मारू देऊ नका. दहा दिवस जगला, नीट खातोपितो, तर तुम्हाला काही नाही. तोवर सुया चालू. मेला किंवा पळाला तर चौदाच्या चौदा घ्याव्या लागतील."

आणि चौदाही घेऊन झालंच तर? हे विचारलं नाही मी.

काय बघायचं ते सांगितलं, लिहून ठेवते : खाणं सुटतं का. आवाज बदलतो का. लाळ. जबडा लोंबतो का. अंधारात जाऊन बसतो का. पाण्याला घाबरणं हे माणसाचं, कुत्रा पाणी पिऊ शकतो, त्यावर जाऊ नका.

सुई पोटात, बेंबीच्या बाजूला. पहिली झाली. सुईला मी भीत नाही, आता कळलं.

सुजाला ह्यांच्या बहिणीकडे देवळालीला पाठवलं. जाताना हेक्टरला टाटा करू दे म्हणाली. करू दिला नाही. रडली.

आजचं खाणं : स. भाकरी-दूध, सगळं. सं. भात-मांस, सगळं. मांस बारीक चिरून. हाडं बंद.

१२ जाने., गुरुवार

खाल्लं. दोन्ही वेळा.

मी दारातून बघत बसते. आजवर ज्याला 'मर मेल्या' म्हणत होते त्याचा घास मोजतेय. त्याने गिळलं की मी गिळते.

सुई २. रांगेत एक पेठ तालुक्याकडचा माणूस असतो, पायाला चिंध्या. रानात सरपण आणताना कुत्र्याने धरलं. माझी हकिगत ऐकून म्हणाला, "बाई, तुमचं बरं हाय. तुमचा कुत्रा बांधलेला हाय. माझा कुठं गेला काय ठाव."



१३ जाने., शुक्रवार

कॉलनीत कळलं. हाताचं बँडेज किती दिवस पदराखाली लपवणार. साळवेभाऊ आले, कॉलनीचे सेक्रेटरी, भले माणूस, ह्यांच्या मागे कायम उभे राहिलेले. आज खुर्चीवर बसले नाहीत.

"जयभीम वहिनी. बरं नाही केलंत. आधी सांगायचं होतं."
"भाऊ, दहा दिवस. वीस तारखेपर्यंत."
"इथं बारा घरांत लहान मुलं आहेत. साखळी तुटली म्हणजे? म्युन्सिपालटीला कळवतो, घेऊन जातील."
"घेऊन जाऊन मारतील. मग मला कसं कळणार?"

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "वीस तारीख," म्हणाले. "पण कुणी परस्पर काही केलं तर मी जबाबदार नाही."

त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर थांबले नसते.

हेक्टरने संध्याकाळी भात ठेवला. थोडाच. मांस खाल्लं. थोडाच ठेवला.

१४ जाने., शनिवार

सकाळी भाकरी हुंगली, तोंड घातलं, काढलं. दूधही नाही. स्टुलासमोर उभा. मान तिरकी.

लाळ. दोन्ही बाजूंनी, दोरीसारखी. तोंड पूर्ण मिटत नाही.

पाचांतल्या तीन गोष्टी झाल्या.

सुई ४ घ्यायला गेले तेव्हा डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं. "सुया चुकवू नका," एवढंच. सिस्टरने खांद्यावर हात ठेवला. तो ठेवायला नको होता.

हे सायकलने गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, तोंडात हाड अडकलेलं असू शकतं. पण पिसाळलेला कुत्रासुद्धा अगदी असाच दिसतो, घशात काहीतरी अडकल्यासारखा, आणि लोक काढायला हात घालतात आणि मरतात. हात घालू नका. मी येतो सोमवारी, उद्या दुसरीकडे जनावरांची तपासणी आहे.

सोमवार.

१५ जाने., रविवार

विहारात वंदनेला गेले नाही. हे पण नाही. मागच्या दाराशी दोन खुर्च्या टाकून बसलो. तो पेरूखाली, पाठ आमच्याकडे.

खाणं : नाही. तांदळाची पेज केली, गार करून ठेवली. तोंड बुडवलं, जीभ हलते पण पेज वर येत नाही. अर्धी सांडली.

हे दुपारी उठले. "हाडच आहे. मी बघतो." शर्टाच्या बाह्या वर केल्या. मी त्यांचा दंड धरला. नखं रुतली असतील. "तुम्हाला झालं तर सुजाचं काय?" हे म्हणाले, "आणि तुला झालं तर?" मग दोघंही परत खुर्चीवर.

मागच्या भिंतीच्या आत भाकरीचा तुकडा पडलेला. आपली नाही, ज्वारीची. शिळी असेल, कुणी पाखरांना टाकली असेल. चिमट्याने उचलून बंबात जाळला.

शाळेतल्या एका बाईंच्या गावी कुणीतरी पिसाळून गेलं होतं, त्या सगळं सांगायच्या, डबा खाताना. तेव्हा ऐकायला नको होतं. सारखं पाणी पिऊन बघतेय. जातंय घशाखाली. परत पिते.

एक गोष्ट लिहून ठेवते. पंजा सारखा तोंडाला मारतो. उजवाच. एकाच बाजूला.

१६ जाने., सोमवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

डॉक्टर अकराला आले. पन्नाशीचे, धोतर, पायात गमबूट. दहा मिनिटं लांबून नुसतं बघितलं. मी उजव्या पंजाचं सांगितलं. "हं" म्हणाले. हाक मारायला लावली. मी "हेक्टर" म्हटलं, त्याने शेपूट हलवली, थोडी.

"ओळखतोय. डोळाही बरा आहे. बघायला हवं. तोंड कोण धरेल?"

हे पुढे झाले. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला सुया चालू आहेत?"
"नाही."
"बाईंना चालू आहेत. बाई धरतील."
"साहेब, काहीतरीच काय! तिला भीती वाटते कुत्र्याची."
"मलाही वाटते," डॉक्टर म्हणाले. "पण खायला त्याच घालतात ना? आणि पाच सुया अंगात गेल्यात. पूर्ण आधार नाही तो, पण तुमच्याकडे तोही नाही."

खरं होतं. इतकं साधं आणि इतकं वाईट खरं मी कधी ऐकलं नव्हतं.

जुन्या लुगड्याच्या दोन पट्ट्या फाडल्या. ह्यांनी मागचा भाग भिंतीशी दाबून धरला. मी एक पट्टी वरच्या सुळ्यांमागून घातली, एक खालच्या. उजव्या हाताला फडकी गुंडाळलेली. त्याचा श्वास मनगटावर लागत होता, गरम, कुजका. ओढलं. तोंड उघडलं. त्यात माझं डोकं मावलं असतं.

तो थरथरत होता. आधी मला वाटलं मीच. मग बघितलं तर त्याचे पुढचे पाय.

डॉक्टरांनी बॅटरी मारली. "आहे." टाळूवर, दाढांच्या दोन रांगांमध्ये आडवं बसलेलं हाड. ह्यांची कंपनीतली पक्कड उकळून घेतली होती. एकदा निसटली. दुसऱ्यांदा त्यांनी पिरगाळलं, हेक्टर ओरडला, माणसासारखा, मी पट्टी सोडली नाही. का सोडली नाही माहीत नाही. निघालं.

माझ्या बोटाएवढं. एका टोकाला सुरीसारखं.

"शिजवून घातलीत हाडं?"
"तीन शिट्ट्या."
"कच्चं हाड ठेचलं जातं. शिजवलेलं फुटतं, टोकं येतात. आठवडा झाला असेल, खाली पू झालाय."

आठवडा. म्हणजे रविवारी अडकलं आणि मंगळवारी मी त्याच्या तोंडापाशी हात नेला.

मी विचारलं, "म्हणजे ते नाही ना?"
डॉक्टर पक्कड पुसत होते. "हाड होतं एवढंच कळलं. हाड असलं म्हणून दुसरं काही नसेल असं नाही. वीस तारखेपर्यंत बांधलेलाच ठेवा."

ते गेल्यावर मी पट्ट्या बंबात जाळल्या. मग सुई ६ घ्यायला गेले.

संध्याकाळी पेज. चाटली. वाटीभर तरी आत गेली असेल.

१७ जाने., मंगळवार

पेज, दोनदा. दुधात मऊ भात, थोडा. लाळ कमी, पण आहे. जखमेची असेल. असेलच.

सुई ७. पोटावर गाठी आल्यात, कुशीवर झोपता येत नाही. त्या सुईनेच कुणाचे तरी पाय गेले असं रांगेत एक बाई सांगत होती. घरी येईपर्यंत पावलं मोजत चालले.

१८ जाने., बुधवार

सकाळी भाकरी भिजवून लगदा करून दिली. खाल्ली. भांडं चाटून स्टूल पाडलं. मी हसले आणि लगेच रडले. हे कामावर होते, बरं झालं.

पण दुपारभर मोरीमागच्या अंधारात जाऊन बसला होता. पाचवी गोष्ट. ऊन होतं म्हणून? थंडीत उन्हातून कोण उठतं?

१९ जाने., गुरुवार

पेठकडचा माणूस आला नाही. सिस्टरला विचारलं. "गेला गावाकडे. म्हणाला, जनावरं कोण बघणार. आठ सुया झाल्या होत्या." त्याचं नाव रजिस्टरात असेल. मी इतके दिवस शेजारी उभी राहिले, विचारलं नाही.

हेक्टर : सकाळ-संध्याकाळ, सगळं. भुंकला सुद्धा, दूधवाल्यावर. आवाज नेहमीचाच वाटला. ह्यांना विचारलं, नेहमीचाच ना? चारदा विचारलं.

२० जाने., शुक्रवार

दहावा दिवस. उठल्याबरोबर मागचं दार उघडलं. उभा होता. जांभई दिली, सगळं तोंड दिसलं.

भाकरी, दूध, अंडं. सगळं.

डॉक्टरांनी केसपेपरवर रेघ मारली. "दहा झाल्या, बस. सुटलात." हसले. मी नमस्कार केला आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले.

साळवेभाऊ संध्याकाळी स्वतःहून आले, बसले, चहा घेतला. म्हणाले, "वहिनी, हात जोडतो, आता त्याला कुठेतरी लावून द्या." हे म्हणाले, बघतो.

२२ जाने., रविवार

सुजा आली. धावत मागे गेली. मी "थांब!" इतक्या मोठ्याने ओरडले की ती जिथल्या तिथे. हेक्टर साखळीच्या टोकाला, सगळं अंग हलवतोय. सुजा माझ्याकडे बघतेय. मी जा म्हणू शकले नाही. जाऊ नको पण म्हणू शकले नाही.

२५ जाने., बुधवार

तोंड भरून आलंय, डॉक्टरांनी बघितलं. आता कुठे दुखत नाही म्हणाले.

आज तो खाताना मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मुद्दाम. गुरगुरला.

म्हणजे सगळा दोष हाडाचा नव्हता. की आठवण राहिली त्याला? दुखलेलं किती दिवस लक्षात ठेवतात ते? गुरांच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "बाई, मोठा कुत्रा मनाने हळवा असतो. घाबरला की चावतो. आणि तुम्ही घाबरलात की तो घाबरतो." मग सुरुवात कोणी करायची न घाबरायला?

ह्यांना गुरगुरण्याचं सांगितलं नाही.

२९ जाने., रविवार

पिंपळगावकडचे एक द्राक्षबागवाले आलेत, ह्यांच्या ओळखीतून. जीप घेऊन, बरोबर दोन माणसं. बागेत चोऱ्या होतात, राखणीला कुत्रा पाहिजे. हेक्टरला बघून खूश. "लय भारी जनावर हाय!"

मी खाण्याचं लिहून ठेवलं होतं, मराठीत, त्यांना वाचून दाखवलं. दोन वेळा, उंचावर, हाड कच्चंच, खाल्ल्यावर तासभर बांधून. ते मान डोलवत होते. मग म्हणाले, "ताई, एवढं लाड नाय आपल्याकडं. दिवसा उपाशी बांधायचा, रातच्याला सोडायचा. पोट रिकामं असलं की तिखट ऱ्हातो."

बागेत मजूर राहतात का विचारलं. राहतात. मुलं? "असत्यात की पाच-सहा पोरं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ह्यांना सुजा दिसते. मलाही दिसते. इथे राहिला आणि एखाद्या दिवशी सुजाचा हात स्टुलापाशी गेला तर? आणि तिकडे कुणाच्या पोराला धरलं तर दहा दिवस कोण मोजणार? तिथल्या तिथे डोक्यात दांडकं घालतील, आणि ते पोर...

जीपमध्ये चढेना. तिघांनी ढकललं. खाली बसला, धोंड्यासारखा. एकाला दात दाखवले, तो मागे पळाला. बागवाले हसले, म्हणाले अस्साच पाहिजे.

मग हे म्हणाले, "तुझ्या हातचं खातो. भाकरी घेऊन ये, तुझ्यामागे चढेल."

खरं आहे. माझ्यामागे चढेल. गेले चार दिवस माझ्यामागेच असतो, साखळी पुरेल तिथवर.

पाच मिनिटं म्हणून आत आले. ते बाहेर चहा पितायत. भाकरी कुस्करून झाली. दूध अजून घातलेलं नाही. सुजा खिडकीत उभी आहे.

ह्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली.